बोटीच्या नाकावरची हळद

आधीच माफी मागते. माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी नीट जमलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली. त्यानंतर पेन हातात आलं ते सही करायला, नाहीतर गॅसचा नंबर उतरवून घ्यायला. कुणी वाचावं म्हणून मी हे लिहीत नाही. चारचौघांत माझं तोंड उघडत नाही, आणि जे बघितलं ते मनात ठेवून ठेवून जड झालंय. चुका होतील त्या तशाच राहू देत. खोडत बसले तर पुढे जायची नाही.

माझी मुलगी हिंजवडीला कंपनीत आहे. ऑफिसातल्या लोकांबरोबर ती एकदा धरणाच्या पाण्यावर शिडाची लहान बोट चालवायला गेली आणि तिला नादच लागला. मग दर शनिवार-रविवार तेच. पुढे मुंबईला जाऊन शिकली, परीक्षा दिली, सर्टिफिकेट आणलं. आम्हाला वाटलं, पोहण्याच्या क्लाससारखं असेल काहीतरी. माझे मालक भोसरीच्या एमआयडीसीत लेथवर होते, आता रिटायर झालेत. ते म्हणायचे, शिकू दे, शिकलेलं वाया जात नाही. पण बोट म्हणजे नक्की काय करते ते आम्हाला दोघांनाही माहीत नव्हतं.

एका रविवारी मी मटार सोलत बसले होते. ती शेजारी येऊन बसली आणि सांगायला लागली. थायलंडच्या बाजूला समुद्रात पुष्कळ बेटं आहेत. तिथल्या कंपन्या शिडाच्या मोठ्या बोटी भाड्याने देतात. झोपायला खोल्या, स्वयंपाकाला ओटा, संडास, सगळं आत. पण माणूस एकही देत नाहीत. नुसती बोट ताब्यात देतात आणि आठवड्याने परत घेतात. तिच्या ऑफिसातली एक मैत्रीण आणि तिचा नवरा तयार होते. जानेवारीत जायचं ठरत होतं.

"मग चालवणार कोण?" मी विचारलं.

"मी," ती म्हणाली आणि मटाराच्या शेंगा पुढ्यात ओढून सोलायला लागली.

मालक पेपर वाचत होते. त्यांनी विचारलं की ही बोट पळते किती. ती म्हणाली, वारा चांगला असला तर ताशी दहा-बारा किलोमीटर. ते म्हणाले, "एवढाच स्पीड पाहिजे तर हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये कंपनीची कॅब काय वाईट आहे? ती तर फुकट आहे." ती हसली. मी मात्र हसले नाही. मी तिच्या हातांकडे बघत होते. याच हातांना मी थेरगावच्या बाजारात घट्ट धरून चालायची, गर्दीत सुटू नये म्हणून.

नंतर ती म्हणाली की बोटीत चौथी जागा आहे आणि ती माझी आहे. पप्पांना आधीच विचारलं होतं, ते नको म्हणाले. त्यांना बसमध्येसुद्धा उलटी होते. मी पण नको म्हणाले. तिने आग्रह केला नाही. पण दुसऱ्या दिवसापासून तिने मला सगळं दाखवायला सुरुवात केली.

पहिल्यांदा नकाशा आला. पलंगावर मावेना म्हणून फरशीवर पसरला. मी आयुष्यात जे नकाशे बघितले त्यात जमिनीवर नावं आणि समुद्र नुसता निळा. इथे उलटं होतं. जमीन पिवळी, कोरी, आणि समुद्रभर बारीक आकडे, मुंग्या सांडल्यासारखे. मी विचारलं हे काय. ती म्हणाली, तिथे पाणी किती खोल आहे ते. मी गुडघ्यावर बसून किती वेळ ते आकडे बघत होते. समुद्राला तळ असतो हे मला ठाऊक होतं. पण कुणीतरी जाऊन तो मोजला, जागोजागी मोजला आणि थेरगावातल्या दोन खोल्यांच्या घरात माझ्यासारखीला वाचता येईल असा लिहून ठेवला, हे ठाऊक नव्हतं. आकडे मला वाचता येतात. मी बोट ठेवून वाचले. बारा. नऊ. चार. मग एका बेटाजवळ हिरवा पट्टा. तो कधी जमीन असतो आणि कधी समुद्र, ती म्हणाली. ओहोटीला उघडा पडतो, भरतीला बुडतो. मला पदर सावरायचं भान राहिलं नाही. असली पण एक जागा असते, जिला अजून ठरवता आलं नाही आपण कोण.

मला काळजी होती ती मुक्कामाची. बोट बांधायची कशाला? ती म्हणाली बांधायची नाही, नांगर टाकायचा. मला कळेना. तेव्हा तिने वरवंट्याला लांब दोरी बांधली, दुसऱ्या टोकाला डब्याचं झाकण, आणि फरशीवर दाखवलं. नांगर रुततो, पण त्याच्यामागे भरपूर साखळी सोडायची, ती तळावर पडून राहिली पाहिजे. वारा फिरला की बोट गोल फिरते आणि तरी जागा सोडत नाही. मालक खुर्चीवरून वाकून बघत होते. ते म्हणाले, "म्हणजे लांब दोरी दिली तरच टिकतं." ती म्हणाली हो पप्पा, आखडती धरली की उपटून येतो. मी वरवंटा धुऊन जागेवर ठेवला.

त्यानंतर रोज जेवणं झाली की फरशीवर समुद्र पसरायचा. आज या बेटापासून त्या बेटापर्यंत. दुपार कलायच्या आत पोचायचं, कारण ऊन तिरपं झालं की पाण्याखालचे खडक दिसत नाहीत. या बाजूला वारा लागणार नाही, म्हणून मुक्काम इथे. टाकीतलं पाणी किती, चौघांना किती पुरेल, याचा तिची मैत्रीण फोनवर फार घोर करत होती. माझी मुलगी तिला म्हणाली, "आमच्याकडे पाणी दिवसाआड येतं गं. आई एका बादलीत घर चालवते." त्या दोघी हसल्या, आणि मी नको म्हणालेली असूनही चौघांच्या हिशेबात धरली गेले.

मग डिपॉझिटचं आलं.

बोट घेताना अनामत भरावी लागते. बोट जशी दिली तशी परत आली तर सगळी परत. काही मोडलं, खरचटलं, डाग पडला, तर त्यातून कापतात. मैत्रिणीने आणि तिच्या नवऱ्याने अर्धी भरली. उरलेली अर्धी माझ्या मुलीने भरायची. तिची होती-नव्हती ती शिल्लक भाड्यात आणि तिकिटात गेली होती, माझ्या तिकिटासकट. माझं तिकीट तिने मला न विचारता काढलं होतं. कर्ज काढायला तिच्या पप्पांनी मनाई केली. एके दिवशी मी केर काढायला गेले तर नकाशा गुंडाळून कपाटावर ठेवलेला. ती नेहमीसारखी डबा घेऊन कॅबला गेली होती. मी झाडू घेऊन त्या गुंडाळीखाली उभी राहिले. घरातला समुद्रच कुणी उचलून ठेवल्यासारखं झालं.

आमच्या बिल्डिंगमधल्या बायकांची भिशी आहे. त्या महिन्याची चिठ्ठी खालच्या मजल्यावरच्या बाईची निघाली होती. ती लातूरकडची, माझ्याहून बरीच लहान, ब्लाउज शिवते. भिशीचे पैसे तिने मुलीच्या नर्सिंग कॉलेजच्या फीसाठी बाजूला ठेवले होते. फी मार्चमध्ये भरायची होती. हे मला माहीत होतं आणि तरी मी जिना उतरले. मी कुणाकडे कधी काही मागितलेलं नाही, साखरसुद्धा नाही. दारातच उभी राहिले. तिने मशीन थांबवलं, आत बसवलं. मी नकाशापासून सांगायला लागले. आकडे सांगितले, हिरवा पट्टा सांगितला, वरवंटा सांगितला. ती तोंडावर हात ठेवून ऐकत होती.

"आन् बोट बुडली तर, काकू?"

"बुडली तर मी पण तिच्यातच असणार," मी म्हणाले. तेव्हाच मला कळलं की मी जाणार आहे.

"मग तर मी मागू कुणाला?" ती म्हणाली, आणि आम्ही दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. मग तिने कपाट उघडलं. पिशवी माझ्या हातात देताना ती एवढंच म्हणाली, "फी भरायच्या आत द्या, काकू. न्हाईतर पोरीचं वर्ष जाईल."

कागद नाही, सही नाही.

मुलीला कळलं तेव्हा ती आधी रागावली. म्हणाली, तिच्या मुलीच्या फीचे पैसे तू कसे घेतलेस. शेवटी म्हणाली, "आता बोटीला ओरखडा येता कामा नये, आई." आम्ही या भागात पुष्कळ घरं बदलली आहेत. कॅलेंडरच्या खिळ्याचं भोक पडलं म्हणून, फोडणीच्या धुराने भिंत पिवळी झाली म्हणून घरमालकांनी डिपॉझिट कापलेलं आहे. डिपॉझिट पूर्ण परत आलेलं मी कधी बघितलं नव्हतं.

पासपोर्ट झाला. पोलीस घरी येऊन विचारून गेला, मावशी कुठे निघालात, आणि माझ्या वतीने मालकांनी उत्तर दिलं, "समुद्र बघायला." मुलीने मला महापालिकेच्या पोहण्याच्या तलावावर बायकांच्या वेळेत नेलं. लाज वाटत होती, पण सगळ्याच बायका तशा. पोहायला आलं नाही. पण तरंगायचं जॅकेट घालून तिने मला उताणं झोपवलं आणि हात काढून घेतला. पाण्याने मला धरलं. माझं एवढं वजन, आणि खाली कुणी नाही. कान पाण्यात, त्यामुळे आवाज नाही. वर फक्त आभाळ. मी उठायलाच तयार नव्हते.

खाण्याचं मी बघितलं. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, भाजणी, मेतकूट, भाजलेला रवा. नारळावरून मात्र वाद झाला. इथे मला एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या गल्लीत कुणाची नवी गाडी आली, रिक्षा असो, चाकणहून आणलेला टेम्पो असो, पूजेला मला बोलावतात. मी ओवाळते, हळदीचं स्वस्तिक काढते, कुंकू लावते, नारळ गाडीवाला फोडतो. इतकी लाजाळू मी, पण त्या वेळी मला लाज वाटत नाही. मालकांनीही खंडेनवमीला हळद-कुंकू वाहिल्याशिवाय मशीनला कधी हात लावला नाही. मग एवढी मोठी बोट अशीच कशी काढायची? मुलगी म्हणाली, "तिकडे माणसांपेक्षा नारळ जास्त आहेत आई, इथून ओझं नको." नारळ मी काढून ठेवला. हळदीकुंकवाची डबी मात्र दशम्यांच्या डब्यात सरकवली.

थायलंडला विमानातून उतरून धक्क्यावर पोचलो तेव्हा डोळ्यांपुढे काठ्याच काठ्या. शंभर डोलकाठ्या असतील, सगळ्या आभाळात गेलेल्या. आमची बोट पांढरी होती आणि आमच्या घरापेक्षा लांब. कंपनीचा माणूस, पन्नाशीचा, उन्हाने काळवंडलेला, कागद घेऊन आला. तो आणि माझी मुलगी टोकापासून टोकापर्यंत फिरले. जुना प्रत्येक ओरखडा त्याने लिहिला, तिने फोटो काढला. मग तिने सही केली. कागदावर कप्तान म्हणून तिचं नाव होतं. सही झाल्यावर जे होईल ते आमच्या माथी. तो गेला. बाकीची तिघं सामान लावायला आत उतरली.

मी पुढे नाकाशी गेले. डबी उघडली, बाटलीतल्या पाण्यात हळद कालवली आणि बोटाने स्वस्तिक काढलं. चांगलं ठसठशीत काढलं. कुंकू लावलं. हात जोडले आणि म्हणाले, हिला सांभाळ. मी मुलीबद्दल म्हणाले की बोटीबद्दल, ते आज सांगता येणार नाही.

मुलगी वर आली आणि तिथेच थांबली. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. खाली बसून तिने ओल्या फडक्याने पुसलं. कुंकू निघालं. हळद नाही निघाली. पांढरा रंग उन्हाने जुना झालेला, भुसभुशीत, त्याने हळद पिऊन घेतली होती. साबण लावला तर उलट लाल झाली.

"आई, हे काय केलंस," ती हळूच म्हणाली.

माझ्या डोळ्यांपुढे ते शिलाईचं मशीन आलं आणि त्या पोरीचं वर्ष. मी आत जाऊन बसले. बोट निघाली तरी वर आले नाही.

इंजिनचा आवाज येत होता. वर दोऱ्या ओढल्याचा आवाज, तिच्या हाका, हे सोड, ते धर. मग काहीतरी मोठं फडफडलं आणि इंजिन बंद झालं. मला वाटलं बिघडलं. मी घाबरून वर आले. शीड भरलं होतं. एवढं कापड मी कधी एका तुकड्यात बघितलं नव्हतं, आणि त्याच्यात वारा गच्च. बोट एका अंगावर कललेली, आणि चाललेली. आवाज फक्त पाण्याचा. पेटवलं काही नाही, ढकलत कुणी नाही. मुलगी सुकाणूशी उभी होती. ती माझ्याकडे बघत नव्हती, शिडाच्या कडेकडे बघत होती, आणि तिचा चेहरा मी ओळखला नाही. माझ्या पोटी आलेलं हे माणूस वाऱ्याशी बोलत होतं आणि वारा तिचं ऐकत होता. समोर बेटं होती. पाण्यातून सरळ वर उठलेले दगड, देवळाच्या कळसाएवढे नाही, डोंगराएवढे, आणि डोक्यावर झाडी. फरशीवर मी ज्यांच्यावरून बोट फिरवलं होतं तीच ही. मी मनात म्हणाले, इथे बारा. इथे नऊ.

हिरवा पट्टाही आम्ही बघितला. सकाळी तिथे पाणी होतं. दुपारी वाळू निघाली, लांब, ओली, आणि आम्ही तिच्यावर चाललो. मी चप्पल काढून हातात घेतली. का काढली विचाराल तर सांगता येणार नाही, पण कुठल्याही देवळात काढते तशी काढली.

पण रोज सकाळी उठले की मी आधी नाकाशी जाऊन डाग बघत होते. पहिल्या दिवशी होता तसाच. दुसऱ्या दिवशी मला वाटलं, माझेच डोळे. तिसऱ्या दिवशी मुलगी शेजारी येऊन उभी राहिली. तीही बघत होती. लाल गेलं होतं, पिवळा फिकट झाला होता. मग मला आठवलं, हळदीचे कपडे आपण धुऊन कडक उन्हात टाकतो आणि हळद आपोआप उडते. इथे तर दिवसभर ऊन आणि वर खारं पाणी. मुलगी म्हणाली, दुपारी सावली नाकावर पडणार नाही अशी बोट लावू या. आणि खरंच, त्यापुढे नांगर टाकताना तिने वारा बघितला, खोली बघितली, आणि माझ्या हळदीचं ऊनही बघितलं.

परत धक्क्याला लागलो तेव्हा स्वस्तिक ज्याला माहीत आहे त्यालाच दिसलं असतं. मला वाटलं, सुटलो. पण मुलीने त्या माणसाला स्वतः पुढे नेलं आणि दाखवलं. म्हणाली, माझ्या आईने पूजा केली होती, हा त्याचा डाग आहे. पाण्याने आता मला गिळून टाकावं, अशी मी उभी होते. तो वाकला. अंगठ्याने घासलं. मग माझ्याकडे बघितलं आणि हाताने खूण केली, तिकडे बघा. शेजारी तिकडच्या पद्धतीची एक लाकडी बोट बांधलेली होती. तिच्या नाकाला फुलांच्या माळा होत्या आणि लाल, पिवळी, हिरवी फडकी गुंडाळलेली. त्याने आपल्या छातीवर हात ठेवला. ती त्याची बोट होती. त्याने हात जोडले, मीही जोडले. मग एक पोहणारा बोटीखाली जाऊन तळ बघून आला आणि अंगठा वर केला. कागदावर नुकसान लिहायच्या शेवटच्या रकान्यात त्या माणसाने काहीच लिहिलं नाही.

पैसे लगेच आले नाहीत. बँकेत यायला वेळ लागतो, मुलगी म्हणाली. जानेवारी संपला. खालच्या बाईने एकदाही विचारलं नाही. जिन्यात भेटली की समुद्राचंच विचारायची, आणि मी सांगताना आवाज बारीक व्हायचा. फेब्रुवारी अर्धा गेल्यावर एका दुपारी मुलीचा ऑफिसातून फोन आला. म्हणाली, "आले, आई. काहीच कापलं नाही."

दुसऱ्या दिवशी तिने बँकेतून पैसे काढून आणले. तीच पिशवी घेऊन मी जिना उतरले. खालची बाई मशीनवर होती. तिची मुलगी शेजारी काजं-बटणं करत होती. मी पिशवी पुढे केली. ती म्हणाली, राहू द्या काकू, मोजायचे कशाला. मी ऐकलं नाही. मी तिला मोजायला लावले, माझ्यासमोर, मोठ्याने. तिची मुलगी पण मोजायला लागली. शेवटची नोट ठेवून बाईने माझ्याकडे बघितलं. पूर्ण होते.